तुमच्या घरी रोजची कोशिंबीर कशी जमते? अनुभव सांगा

नौपाडेकर
काल जांभळी नाक्यावर पाल्यासकट कोवळे मुळे दिसले आणि एकदम आजीची मुळ्याची कोशिंबीर आठवली. मुळा किसून, भिजवलेली मुगाची डाळ, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू आणि वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. पाल्याची कोवळी पानं बारीक चिरून त्यातच. मुळ्याला सुटलेलं पाणी ती फेकायची नाही, ते थालीपिठाच्या भाजणीत जायचं. मीठ मात्र जेवायची पानं घेतल्यावरच, त्याआधी कोणी घालायचं नाही.

धागा काढायचं कारण म्हणजे ह्यांची शुगर बॉर्डरवर आली आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय, अर्धं ताट भाज्यांचं, आणि बसल्याबसल्या आधी कोशिंबीर संपवायची, मग पोळी-भात. तसं केल्याने जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या म्हणते, बटाटा सोडून. काट्यावर ठेवून पाहिलं तर एक काकडी, दोन गाजरं, एक टोमॅटो आणि वाटीभर चिरलेला कोबी एवढ्यात होतात की! पाककृती शोधल्या तर मिळतात. सकाळच्या घाईत रोज कसं जमवता, घरचे खातात का, ते लिहा.

खारघरची सई
कोबीची पचडी. कोबी अगदी बारीक, मिरची, दाण्याचं कूट, लिंबू, फोडणी. साखर नाही, दही नाही. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस तीच, कोणी कुरकुरत नाही.

ट्रान्सहार्बर_प्रवासी
डब्याचं काय करता? मी ऐरोलीहून ठाण्याला येतो, डबा दुपारी दीडला उघडतो. मीठ घातलेली काकडी तोवर पाण्यात पोहत असते.

खारघरची सई
@ट्रान्सहार्बर मीठच घालायचं नाही घरून. मीठ लागलं की भाजीतलं पाणी बाहेर येतं, ते थांबवता येत नाही. चिमूटभर मीठ आणि कूट एका बारक्या डबीत, लिंबाची फोड वेगळी. ऑफिसात कालवायचं.

ट्रान्सहार्बर_प्रवासी
हे बरं आहे. उद्यापासून तसंच करतो. बायकोला पण पाठवतो हा धागा, तिची शाळा सकाळची असते.

माई_नेरूळ
आमच्या जळगावकडे मेथीचा घोळाणा. कोवळी मेथी धुऊन, कोरडी करून, मोडून घ्यायची, फार चिरायची नाही, नाहीतर कडू लागते. कांदा, कूट, तिखट, मीठ, आणि वरून कच्चं तेल. हाताने कालवायचा, चमच्याने ती चव येत नाही. कळण्याची भाकरी सोबत असेल तर दुसरं काही लागत नाही.
तेल बघून नाकं मुरडू नका. मेथी, गाजर, लाल भोपळा यांच्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो. म्हणून फोडणी, कूट, खोबरं. चमचाभर पुरे. आणि लिंबू पिळाच, मेथीतलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, चहाने उलटं होतं.

नौपाडेकर
माई, कळण्याची भाकरी नेरूळमध्ये? पीठ कुठून आणता?

माई_नेरूळ
भाऊ पाठवतो गावाहून. ज्वारी आणि उडीद, जाडं मीठ घालून दळलेलं. या कधी, खाऊ घालते.

घोडबंदर_आई
मी पण येते :)
आमच्याकडे सासूबाईंची कवळी आहे. कच्चं गाजर चावत नाही आणि "मला नको" म्हणून वाटी सरकवतात, जीव तुटतो. डॉक्टर म्हणतात पोटासाठी चोथा हवाच.

माई_नेरूळ
अगं, लाल भोपळ्याचं भरीत दे. वाफवून, दह्यात, वर तुपाची जिऱ्याची फोडणी. दुधी किसून वाफवून तसाच. दुधीचा तुकडा मात्र आधी जिभेवर लावून बघ. कडू लागला तर अख्खा टाकून दे, त्याचा रस तर कोणालाच देऊ नकोस. कडू दुधीने माणसं खरोखर आजारी पडतात.

चरईकर
कवळीवाल्यांना काकडी चोचवून द्या. सोललेली काकडी हातात उभी धरायची, सुरीने वरून भराभर टोचे मारायचे, मग आडवी कापत जायचं. इतकी बारीक पडते की चावावी लागत नाही. किसलेली काकडी लगदा होते, चोचवलेली सुटी राहते. आमचे बाबा ८४ वर्षांचे आहेत, रोज वाटीभर खातात. मी ऑफिसमधून आल्यावर दाराशी बसून चोचवते आणि ते शेजारी बसून सूचना देतात.

घोडबंदर_आई
बाबांना नमस्कार सांगा. आज रात्रीच करून बघते.

उसळप्रेमी_वाशी
मोड आलेले मूग! कच्चे, कांदा-टोमॅटो घालून. क जीवनसत्त्व मोड आल्यावर वाढतं. वहिनीला पाचवा महिना आहे, तिला पण रोज डबा देतोय.

परिचारिका_ठाणे
@उसळप्रेमी वहिनींना कच्चे नका देऊ हो. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते, आणि ते मोडाच्या आतपर्यंत असू शकतात, नुसतं धुऊन जात नाहीत. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, यांना चांगले वाफवून, गरम असतानाच लिंबू पिळून द्या. थोडं क जीवनसत्त्व कमी होईल, ते लिंबातून आणि पेरूतून मिळतं. मी वॉर्डात काम करते, पोट बिघडून आलेली गरोदर मुलगी बघवत नाही.

उसळप्रेमी_वाशी
बरं झालं सांगितलंत. तिला लगेच फोन केला.

परिचारिका_ठाणे
आणखी एक. घरात कोणाच्या हृदयाची झडप बदललेली असेल आणि रक्त पातळ करण्याची वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पालक-मेथी एकदम वाढवू नका. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. खायचीच नाही असं नाही, रोज साधारण तेवढीच खायची आणि डॉक्टरांना सांगून ठेवायचं. मूत्रपिंडाचे पेशंटही विचारूनच. लिहिते नंतर, ड्युटी.

बीटवाली_सानपाडा
मुलगा ७ वर्षांचा. त्याला फक्त बीट आवडतं. उकडलेलं बीट, दही, चाट मसाला. पहिल्यांदा सकाळी लघवी गुलाबी झाली तेव्हा त्याच्या आजीने देव पाण्यात ठेवले होते. ज्यांच्या घरी नवीन बीट सुरू होतंय त्यांनी हे लक्षात ठेवा, काहींना तसं होतं, घाबरायचं नाही.

चरईकर
😄 आजींचा जीव तो!

ट्रान्सहार्बर_प्रवासी
भाजी कुठून घेता सगळे? आमच्याकडे दारावर येणारी महाग पडते.

बीटवाली_सानपाडा
आम्ही मजल्यावरच्या तिघी तुर्भ्याच्या मार्केटमधून एकदम आणतो आणि वाटून घेतो. गाजराची अख्खी पिशवी एका घराला संपत नाही, तिघींना बरोबर होते. कोथिंबीर धुऊन, फडक्यात सुकवून, डब्यात कागद घालून. काकडी आधी चिरून ठेवत नाही, पाच मिनिटं सकाळीच देते.

कोलशेतची_पाठारे
सगळं वाचतेय, छान धागा. येऊरच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसतात ना, टाकळा, कुर्डू, करटोली, त्यांच्याकडून पण घ्या जरूर. टाकळ्याची कोवळी पानं... आणि शेवळं! गेल्या पावसात जुडी मिळाली होती, काकडांसकट (ती आंबट रानफळं).

उसळप्रेमी_वाशी
शेवळांची कोशिंबीर होते का?

कोलशेतची_पाठारे
नाही नाही, कच्ची अजिबात नको, घसा खाजून हैराण व्हाल. शेवळं चिरून, नीट शिजवून, काकडांचा रस घालून भाजी करतात, तो आंबटपणा खाज मारतो. त्यात वालाची बिरडी किंवा कोलंबी. आमच्या घरी सोडे.

नौपाडेकर
कोशिंबिरीवरून सोड्यांवर आलो! येऊ द्या अजून. आज ह्यांना मुळ्याची दिली, वाटी चाटूनपुसून संपली, मग पोळी एक कमी घेतली. उद्या सईची पचडी, परवा घोळाणा. पेरूची कोशिंबीर साखर न घालता करतं का कोणी?

माई_नेरूळ
करते ना. पिकत आलेला पेरू घे, त्याचीच गोडी पुरते. बिया काढून फोडी, दही, मोहरी फेसून, मीठ, थोडी मिरची. फोडणी गार झाल्यावर दह्यात घाल, गरम घातलीस तर दही फुटतं.

खारघरची सई
मोहरी कशात फेसता माई? माझ्या मिक्सरला एवढीशी लागतच नाही.

माई_नेरूळ
खलबत्त्यात, दोन थेंब पाणी घालून. नाकात झिणझिणलं की झाली.