50 मिमी लेन्सनं आजी शार्प, लेक ब्लर. 85 मिमी घेऊ का?

नवी_क्लिकवाली: कॅनन 1500डी कॅमेरा आहे, सोबत आलेली 18-55 मिमीची किट लेन्स. आता 50 मिमी एफ/1.8 आणली. आजी आणि तिच्या मांडीवर माझी लेक, असा फोटो दीड मीटरवरून काढला, अ‍ॅपर्चर 1.8, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं. आजीच्या कपाळावरचं गोंदण टकाटक, लेक पार धूसर. किट लेन्सनं 18 वर जवळून काढला तर आजीचं नाक भलतंच मोठं! मावसभाऊ म्हणतो 85 घे.

कराडचा_फोटूवाला: ताई, पैसे खिशातच राहू द्या. 1500डीवर दीड मीटरवरून एफ/1.8 ला जेमतेम 6 सेंटीमीटर खोली फोकसमध्ये येते. लेक आजीच्या चेहऱ्यापेक्षा वीतभर पुढं, ती कशी सापडणार? एफ/4 करा, म्हणजे भोक लहान होईल, आणि अडीच मीटरवर जा, तीच खोली 38 सेंटीमीटर होते. अंतर दुप्पट केलं की ही फोकसमधली खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, जवळजवळ चौपट होते.

आता 85 चं. 1500डीचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, लहान, म्हणून 85 तिथं 136 मिमीसारखी वागते, फोटोत कमी जागा मावते. दोघींना कमरेपर्यंत मोकळं घ्यायचं तर साडेचार मीटर मागं जावं लागेल. 10 बाय 12 च्या खोलीत भिंत फोडणार का?

आणि नाकाचा दोष 18 ला देऊ नका. तुम्ही फार जवळ गेलात, एवढंच. एकाच जागी उभं राहून एक फोटो 18 ला काढा, एक 50 ला. 18 चा क्रॉप करून शेजारी ठेवा, चेहऱ्याची ठेवण तीच दिसेल.

पाऊसवेडा: एफ/4 च वापरायचं तर 1.8 ची लेन्स घ्यायची कशाला?

कराडचा_फोटूवाला: एकट्या चेहऱ्यासाठी, आणि अंधारासाठी. 1.8 वरून 4 वर आलं की प्रकाश पाचपट घटतो, म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 400 वरून 2000 वर न्यावी लागते. खिडकीपाशी बसवा म्हणजे तेवढा लागणार नाही. शटर मात्र 1/200 सेकंदापेक्षा हळू नको, पोर हलणारच.

नवी_क्लिकवाली: पण एफ/4 ला मागचं कपाट दिसेल ना?

कराडचा_फोटूवाला: दोघींना कपाटापासून लांब, पुढं ओढून बसवा. जितकं अंतर, तितकं ते विरघळेल. आणि फोकस लेकीच्या डोळ्यावर धरा. आजी मागं आहे, पण फोकसच्या मागं खोली थोडी जास्तच मिळते.