कनेक्टिव्हिझममुळे वर्गातले अध्यापन नेमके कोठे बदलते?

प्रश्न

मी वाई तालुक्यात नववीला भूगोल शिकवते. बी.एड.ला वर्तनवाद (सराव व बक्षीस-शिक्षेतून शिकणे) आणि ज्ञानरचनावाद (अनुभवातून स्वतः ज्ञान रचत शिकणे) अभ्यासला होता. अलीकडे एका प्रशिक्षणात शिक्षण-अभ्यासक जॉर्ज सीमेन्स यांच्या कनेक्टिव्हिझमची ओळख झाली. ज्ञान हे माणसे, ग्रंथ आणि यंत्रे यांच्या जाळ्यात विखुरलेले असते व त्यात नवे दुवे जोडत जाणे म्हणजे शिकणे, ही मांडणी मला पटते. परंतु आमच्याकडे वर्गात एकच प्रोजेक्टर आहे, आणि त्यावर व्हिडिओ दाखवला म्हणून माझे शिकवणे बदलले, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मग बदलायचे काय?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. व्हिडिओ आला तरी माहिती एकाच दिशेने वाहत राहते. सीमेन्स आणि त्यांचे सहकारी अभ्यासक स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातर्फे कनेक्टिव्हिझमवरच एक ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला. त्यात शुल्क भरणारे सुमारे २५ विद्यार्थी होते आणि विनाशुल्क सहभागी झालेले २,००० हून अधिक. सहभागी आपापल्या ब्लॉगवर लिहीत, त्यांतले निवडक लेखन रोजच्या वार्तापत्रातून सर्वांपर्यंत जाई आणि तेच इतरांचे अभ्याससाहित्य होई.

आपल्या वर्गात हे पावसाच्या पाठापासून करता येईल. कापलेल्या बाटलीच्या पर्जन्यमापकाने मुलांनी रोजचा पाऊस मोजावा, महाबळेश्वरच्या एखाद्या शाळेशी नोंदींची देवाणघेवाण करावी आणि दोन्ही नोंदी हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. त्यासाठी शिक्षकाचा एक फोन पुरतो. खात्याचा पाऊस मोजण्याचा २४ तासांचा दिवस सकाळी साडेआठला संपतो; मुलांनी दुपारी मोजले, तर आकडे जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. उत्तर लगेच न सांगण्याचा संयम हाच माझ्या मते अध्यापनातला खरा बदल आहे.

प्रतिसाद २

उपक्रम उत्तम आहे, पण सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारू नये. नेदरलँड्सचे अभ्यासक प्लोन व्हेरहागेन यांनी २००६ मध्येच आक्षेप घेतला होता की, ही मांडणी काय आणि कशासाठी शिकावे याविषयी बोलते, शिकण्याची प्रक्रिया मात्र उलगडत नाही. ज्या मुलाला मिलिमीटर म्हणजे किती हे ठाऊक नाही, त्याला दहा स्रोत जोडून दिले तरी चुकीचा आकडा ओळखता येणार नाही. घाटमाथा आणि पर्जन्यछाया या संकल्पना आधी फळ्यावर नीट शिकवाव्याच लागतील.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. यंदा जूनपासून हा उपक्रम करणार आहे. गुण कसे द्यावेत, एवढे सांगाल का?

प्रतिसाद १

आकडा बरोबर आला की नाही, यावर गुण देऊ नयेत. प्रत्येक नोंदीपुढे आकडा कोठून मिळाला, त्यावर विश्वास का ठेवला आणि नंतर मत बदलले असल्यास कशामुळे, हे मुलांनी दोन-तीन वाक्यांत लिहावे; गुण त्या लेखनाला द्यावेत.