मदत हवी आहे: तलावावरचा माणूस, समुद्री गळाच्या सामानाचं प्रदर्शन. काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. राहणार अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया. आमच्याकडं गावोगावी मामा तलाव (माजी मालगुजारी), आणि गरी टाकायची ती मरळीसाठी. तलाव ढिवर बांधवांच्या संस्थेकडं ठेक्यानं असतो, त्यांना विचारून कमळाच्या पानांत रबरी बेडूक फेकतो. समुद्र आजवर फक्त बघितला आहे.

मुंबईकडचा मावसभाऊ मागं लागलाय, की तिकडं समुद्री गळाच्या सामानाचं प्रदर्शन भरतंय, ये, दुसऱ्या दिवशी खाडीत जिताड्याला बसू. विदर्भ एक्सप्रेसनं निघायचा विचार आहे. पण हजारेक किलोमीटर जाऊन नुसते चकचकीत ल्युअर (नकली आमिषं) बघून यायचं नाही.

अडचण रिळीची. माझी 2500 आकाराची आहे, साधी, गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्यात बेअरिंग गंजतात असं ऐकतो. नागपूरचा दुकानदार म्हणतो, काही होत नाही, सगळ्या सारख्याच. मला पटत नाही जी. बजेट एकाच रिळीचं आणि एकाच रॉडचं आहे, आणि परत आल्यावर वर्षभर ते मरळीवरच चालायचं. अशी जोडी असते का? रॉड किती फुटी घ्यावा म्हणजे रेल्वेत भांडण होणार नाही? आणि स्टॉलवर रॉड वाकवून बघू देतात का, की नुसतं लांबून बघायचं? (हसू नका.)

— मरळवेडा

खाडीकाठचा:
हसत कोण नाही भाऊ, वाकवून न बघता रॉड घेणाऱ्याला हसतात. तुमची जुनी रीळ सोबत न्या, रॉडला लावून तोल बघा.

रीळ 4000 ची घ्या, ड्रॅग (दोर ओढला जाताना रोखणारा रिळीतला ब्रेक) सीलबंद आहे का आणि सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारा. बाकी बॉक्सवर काय छापलंय त्याला फार किंमत नाही. रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी (जरा कडक). बर्थखाली सहज जातो. जिताडा गळाला लागला की तिवराच्या मुळांत, नाहीतर जेट्टीच्या खांबांत घुसतो, त्याला पहिल्याच धावेत थोपवावं लागतं. तुमची मरळ कमळाच्या देठांत तेच करते, म्हणून ही जोडी दोन्हीकडं चालेल. फरक लीडरचा, म्हणजे गळाजवळच्या जाड दोराच्या तुकड्याचा. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, तेव्हा 40 पाउंडाच्या खाली जाऊ नका. ब्रेड (रिळीवरचा विणलेला दोर) आणि लीडर जोडायची एफजी नावाची गाठ स्टॉलवरच कुणाकडून तरी बांधून घेऊन शिका, व्हिडिओ बघून ती पहिल्यांदा जमत नाही.

खाडीतून आलात की ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. नळाखाली जोरात धरलीत तर मीठ आत ढकललं जातं. पुसून झाल्यावर ड्रॅग सैल करून वाळवा.

आणि मावसभावाला तिथी विचारा. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला ओढ फार आणि पाणी गढूळ, अष्टमीच्या आसपास भांग (कमी भरती-ओहोटी) असतो, नवख्याला तेच बरं.

मरळवेडा:
कॅलेंडर बघितलं, प्रदर्शन नेमकं पौर्णिमेच्या तोंडावर. म्हणजे पाणी गढूळच. मग ल्युअर सोडून जिवंत कोळंबी लावावी का? ती खाडीवर कुणाकडं मागायची, तेवढं सांगा जी.