संक्रांत: पेटी, तबला, तानपुरा कॅल्गरीला न्यायचा का? (शुक्रवारपर्यंत उत्तर हवं)

दादा, टोरांटो (वाद्यं):
कॅल्गरीतल्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी व्हॅन बुधवारी निघतेय. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेनं साधारण 3,400 किलोमीटर, चार दिवस, रात्री गाडी बाहेरच उभी. मोठी पेटी (हार्मोनियम), तबल्याची जोडी आणि तानपुरा पाठवायचाय. तिथली थंडी आपल्यापेक्षा एवढी जास्त आहे का, की पेटी इथेच ठेवून तिकडची वापरावी?

अण्णा, कॅल्गरी:
दादा, थंडीवर अडू नका. जानेवारीची सरासरी टोरांटो शहरात उणे 4 च्या आसपास, आमच्याकडे उणे 7. वाद्यं मोडतात ती कोरडेपणानं आणि चढउतारानं.

हिशोब बघा. उणे 20 ला एक घनमीटर हवेत जेमतेम 1 ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात 20 अंशांवर आली की तिला 17 ग्रॅम हवे असतात. म्हणजे आर्द्रता 6 टक्के. उणे 4 ची हवा बाष्पानं पूर्ण भरलेली असली तर तापवल्यावर 20 टक्के तरी उरते. वर आमचा चिनूक वारा. पॅसिफिककडून आलेली हवा रॉकीजच्या पश्चिम उतारावर पाणी टाकते आणि पूर्वेला उतरताना दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी तापते. सकाळी उणे 20 आणि संध्याकाळी बाहेर पाणी ठिबकतंय, असं इथे होतं. पण ती ऊबही कोरडीच असते.

तेव्हा निघण्याआधी तबल्याचे गट्टे (दोऱ्यांखालचे लाकडी ठोकळे) खालून वर ठोकून सैल करा. कोरड्या हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, आपोआप ओढली जाते. आधीच ताणलेली असेल तर गजऱ्यापाशी (कडेच्या विणीशी) फाटते, शाईला (मधल्या काळ्या गोलाला) तडे जातात. तानपुऱ्याच्या तारा दोन-तीन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका, घोडी सरकते. प्रत्येक पेटाऱ्यात आर्द्रता 49 टक्क्यांवर राखणारी पाकिटं ठेवा, तानपुऱ्याला एक भोपळ्याजवळ आणि एक खुंट्यांपाशी.

पोचल्यावर पेटारे उघडायचे नाहीत. हॉलच्या आतल्या खोलीत 24 तास बंद राहू देत. डग्ग्याचं भांडं धातूचं, गार भांड्यावर घरातली हवा लागली की आतून दव धरतं आणि पुडी ओली होते. पितळी स्वरांचंही तेच.

माई, मिसिसागा:
"थंडीवर अडू नका" हे मला पटत नाही. टोरांटोची थंडी दमट असते, सरोवरावरचा वारा हाडात शिरतो. कॅल्गरीत उणे 15 ला ऊन असतं, लोक सहज फिरतात. वर्षाला ऊन तिकडे साधारण 2,400 तास, इकडे 2,000 च्या थोडं वर. आमच्याकडे शून्याच्या आसपास पाऊस पडतो आणि पडल्या जागी गोठतो. डिसेंबर 2013 मध्ये फांद्या मोडून टोरांटो शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस अंधारात होता. विंडचिल (वाऱ्यामुळे जाणवणारी जास्तीची थंडी) धरा, मग तुलना करा.

अण्णा:
माई, विंडचिल माणसाच्या कातडीसाठी. वाऱ्यानं पेटी लवकर गार होते, पण बाहेरच्या तापमानाच्या खाली जात नाही. व्हॅनसाठी साधा आकडाच बघायचा.

ताई, कॅल्गरी (हॉल):
हॉलच्या फर्नेसचा (हीटरचा) ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र, कोणीही 40 टक्क्यांवर नेऊ नये. मागच्या वेळी नेला होता. बाहेर उणे 20 असताना आत 20-25 टक्क्यांच्या वर गेलं की काचेवर बर्फ धरतं, चिनूक आला की वितळून चौकटीत उतरतं, आणि दुरुस्ती मंडळाच्या खात्यातून होते. सेटिंग मी बघेन.

वाद्यांसाठी मागची छोटी खोली घ्या, दार लावून. तिथे वातीचा ह्युमिडिफायर ठेवू. अल्ट्रासॉनिक नको, इथलं नळाचं पाणी जड आहे, पांढरी पूड सगळ्यावर बसते. आणि तबला हीटरच्या झरोक्यासमोर ठेवून "चढवायचा" नाही, ही विनंती.

काकू, ओकव्हिल:
ताई म्हणाल्या तसंच. पण तिळगुळाचं काय ठरलं? इथून करून पाठवू?

ताई:
काकू, तिळगूळ इथेच होईल. फक्त थर्मामीटरवाल्यांनी लक्ष द्या: कॅल्गरी 1,045 मीटरवर, पाणी साडेशहाण्णवच्या आसपास उकळतं. टोरांटोच्या आकड्यापर्यंत पाक नेला तर तो पुढे जातो, वडी दगड होते. साडेतीन अंश आधी उतरवा. त्यापेक्षा वाटीत पाणी घेऊन थेंब टाका, गोळी वाजली की पाक झाला. गुळाच्या पोळीची कणीक ओल्या फडक्याखालीच ठेवा, दहा मिनिटांत पापुद्रा धरते.

बापू, एडमंटन:
विषय निघालाच आहे तर उन्हाळी कार्यक्रम कॅल्गरीत उघड्यावर ठेवू नये. जून ते ऑगस्ट गारा. 13 जून 2020 ला ईशान्य भागातल्या घरांचं साइडिंग (भिंतींवरचं बाहेरचं आवरण) चाळणीसारखं झालं होतं. सप्टेंबरचाही भरवसा नाही, 2014 ला दुसऱ्याच आठवड्यात हिरव्या पानांवर बर्फ पडून झाडं मोडली.

अण्णा:
बापू, तो धागा वेगळा काढा. दादांना शुक्रवारी ठरवायचंय.

पेटीबद्दल राहिलं. निघण्याआधी एक तपासणी करा: खटके (पेटीच्या पुढचे ओढायचे दट्टे) उघडे ठेवून भाता पूर्ण भरा, एकही पट्टी न दाबता सोडून द्या आणि तो बसायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. इथे पेटारा उघडल्यावर तेच करू. वेळ निम्म्यावर आली असेल तर स्वरांची फळी आकसून हवा गळतेय. मग स्क्रू पाव फेरा आवळायचे, जास्त नाही, लाकूड परत फुगलं की तिथेच चीर जाते.

दादा:
आत्ताच केलं. 22 सेकंद. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे. तिन्ही वाद्यं येतायत. तुमचीही पेटी तयार ठेवा, 22 ची 11 झाली तर तीच घेऊ. व्हॅन रविवारी दुपारी पोचेल, खोलीची किल्ली कोणाकडे?

ताई:
माझ्याकडे. पेटारे सोमवारी दुपारनंतर मीच उघडेन.