अमेरिकेत वकिलाचा थेट फेडरल जज होतो कसा?

तिसरी_खेप: जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. तिकडे फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाचा, जज व्हायला परीक्षाच नाही म्हणे. आणि जन्मभर एकाच बाजूनं भांडलेला वकील खुर्चीत बसला, तर समोरच्या पक्षकाराला भरवसा कसा वाटायचा?

सातारकर_वकील: परीक्षा नाहीच. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, सिनेट मंजूर करते, मग नेमणूक तहहयात. आपल्या हायकोर्टासारखं ६२ ला घरी नाही. भरवशाचं म्हणशील, तर कॉन्स्टन्स बेकर मॉटली या वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या वकीलबाईंबद्दल वाच. १९६२ मध्ये त्यांनी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला गोऱ्यांच्या मिसिसिपी विद्यापीठात कोर्टाच्या आदेशानं प्रवेश मिळवून दिला. सुप्रीम कोर्टात १० प्रकरणं चालवली, ९ जिंकली. (मी इथे तारखाच मोजतोय.) १९६६ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्ट या फेडरल कोर्टासाठी त्यांचं नाव पाठवलं आणि ते सिनेटच्या न्यायसमितीत अडकलं. समितीचे अध्यक्ष कोण? मिसिसिपीचेच सिनेटर ईस्टलंड! मंजुरी यायला ऑगस्टअखेर उजाडली. पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल जज त्या.

तिसरी_खेप: पण काका, पक्षपाताचं राहिलंच.

सातारकर_वकील: त्यावरच येतोय. १९७५. एका महिला वकिलानं बड्या लॉ फर्मवर लिंगभेदाचा दावा लावला, प्रकरण आलं मॉटलीबाईंपुढे. फर्मचा अर्ज: या स्वतः बाई, त्यात भेदभावाविरुद्ध लढलेल्या, यांनी हे ऐकू नये. बाईंनी अर्ज फेटाळला. लिंग आणि वर्ण तर प्रत्येकच जजला असतो, तेवढ्यावर बाजूला व्हायचं तर ऐकायला उरणार कोण? गोऱ्या पुरुष जजपुढे असा अर्ज कुणी टाकला असता का, सांग.

एडिसनची_ताई: त्यांचाच १९७८ चा निकालही बघ. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियम या बेसबॉल मैदानात खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये पुरुष पत्रकार जात, मेलिसा लुटके या पत्रकार बाईंना मात्र मनाई. ती मनाई मॉटलींनी उठवली.

तिसरी_खेप: आणि ते हरलेलं दहावं कुठलं?

सातारकर_वकील: स्वेन विरुद्ध अलाबामा, १९६५. सरकारी वकील काळ्या लोकांना ज्युरीतून वगळतात, ही तक्रार. पुरावा पुरेसा नाही म्हणून हरल्या. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं बॅटसन खटल्यात पुराव्याचा तो दंडक मोडीत काढला. बाई तेव्हा न्यूयॉर्कच्या आपल्या कोर्टात मुख्य न्यायाधीश होत्या.