सकाळचा दोन सेकंदांचा खडखडाट
सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड झाली म्हणजे गाडीचं जुनं इंजिन उघडायची वेळ आली, असं काही जण म्हणतात. मला ही घाई वाटते. रात्रभरात ऑइल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरतं. ऑइलचं प्रेशर येईपर्यंत हायड्रॉलिक टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी चेन ताणून धरणारा भाग) सैल राहू शकतात. आधी ऑइल फिल्टर बदलून पाहा. ऑइल परत उतरू न देणारा त्यातला व्हॉल्व्ह निकामी असेल, तर असाच आवाज येतो. आवाज दाबायला जाड ऑइल मात्र कृपया टाकू नका, थंड इंजिनात ते वर पोचायलाच उशीर लागतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड दिला असेल तर तेच टाका. स्टार्ट होताच रेस देणंही टाळा. इंजिन गरम झाल्यावर, लोडवर, म्हणजे इंजिनावर जोर पडताना, खोल ठोके ऐकू आले तर मात्र गाडी तिथेच थांबवा, इंजिनातलं बेअरिंग गेलं असू शकतं.