कापड लटकवून काढलेलं छत उलटं केलं की कोपऱ्यात भेगा पडतात

मांडवीकाठ
आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाचा स्टुडिओ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासाठी १२ × १२ मीटरचा मंडप, चारच कोपऱ्यांवर टेकलेला. १:२० मापाच्या मॉडेलसाठी मांजरपाट चार कोपऱ्यांना बांधतो, पीओपीत भिजवून लटकवतो, घट्ट झाला की उलटा करतो. कोपऱ्यांजवळ भेगा येतात, आणि या पावसात पीओपीचा भरवसा नाही: कधी झटकन आवळतं, कधी दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतं. हेच छत चिऱ्यात (जांभ्या दगडात) उभं राहील का, असं ज्युरीत परीक्षक विचारणारच. ग्रासहॉपरमध्ये (कॉम्प्युटरवर आकार काढायच्या प्रोग्रॅममध्ये) हा आकार कसा आणू?

गिलावा
आधी पीओपी बघ. जुलैत उघडी राहिलेली गोणी दमट हवेनेच अर्धी मरते. नवी आण, झाकणाच्या डब्यात ठेव. १ किलोला ७०० मिली पाणी. पावडर पाण्यात भुरभुरायची, दोन मिनिटं मुरू द्यायची, मग ढवळायची. पाटीत जुन्या पीओपीचे कण राहिले तर नवं लवकर आवळतं, म्हणून पाटी घासून घे. कापड आधी धू, खळ असेल तर पीओपी आत शिरत नाही.

आवळलं म्हणजे वाळलं नव्हे! ओल्या पीओपीची ताकद वाळलेल्याच्या साधारण निम्मी. पंख्याखाली दोन दिवस तसंच लटकू दे, मग उलटं कर. ओव्हन नको, ५० अंशांच्या वर पीओपी भुसभुशीत होऊ लागतं.

ओळंबा
भेगांचं खरं कारण गाठ. सगळी ओढ एका बिंदूत येते आणि तिथून सुरकुत्या फुटतात. कोपरा दोन पट्ट्यांमध्ये ५-६ सेंमी रुंद दाबून धर, वर गॉझचा (जाळीदार पट्टीच्या कापडाचा) दुसरा थर दे. कापडाचे धागे कडांना समांतर आहेत की तिरपे, तेही बघ. तिरपं कापड जास्त ताणतं, पोट खोल येतं. म्हणजे आकार निम्मा वजनाने ठरतो, निम्मा विणीने, आणि ज्युरीला हे आपणहून सांगितलेलं बरं.

सुरकुत्या घासून लपवू नकोस. लटकताना कापडात जिथे ओढ असते, तिथे उलटं केल्यावर दाब येतो. सुरकुतीच्या आडव्या दिशेला कापडात ओढ नसते, त्यामुळे उलट्या छतात तिथे चिऱ्याला चिऱ्याशी दाबून धरणारं काही नसतं. चिरा दाब घेतो, ओढ जवळजवळ घेतच नाही. स्पेनच्या गौदी या आर्किटेक्टने कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्यांना छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधल्या त्या यासाठीच: वजन बदललं की आकार लगेच बदलून दिसतो. भिजवलेल्या कापडात ती सोय नाही, म्हणून साखळ्यांचंही एक मॉडेल कर.

कांगारूवाला
ग्रासहॉपरमध्ये कांगारू (वजन आणि ओढीने आकार शोधणारी जोडणी) वापर. २० × २० चौकटींची सपाट मेश (जाळी) घे. कोपऱ्यांचे बिंदू अँकरला (जागेवर धरायला), जाळीच्या कडा एजलेंग्थ्सला (लांबी राखायला, लेंग्थ फॅक्टर १), व्हर्टेक्सलोड्सची, म्हणजे बिंदूंवरच्या वजनाची दिशा वर, मग हे सगळं सोडवणारा सॉल्व्हर. उलटं करायची गरजच उरत नाही. लोड अगदी थोडा ठेवून हळूहळू वाढव. एकदम जास्त दिलास तर कोपऱ्यालगतच्या चौकटी रबरासारख्या ताणतात आणि दिसायला छान पण खोटा आकार मिळतो. पीओपीच्या मॉडेलची उंची दोरीला वजन बांधून पाच-सहा ठिकाणी मोजून पडताळ.

मांडवीकाठ
धन्यवाद. मॉडेल उभं राहिलं तर खरं छतही राहील, असं म्हणता येईल?

ओळंबा
नाही. २० पट मोठं केलं की वजन ८००० पट, छेदाचं क्षेत्रफळ ४०० पट, म्हणजे दाब २० पट. आकार तोच राहतो, ताकद नाही. छत जिथे कोपऱ्यावर टेकतं त्या पायाचा हिशोब तर अजून वेगळा. प्लॅनच्या चौरस मीटरला ५०० किलो धरले तर एकूण ७२ टन, एका कोपऱ्यावर १८. पाय जमिनीला ४५ अंशांत भेटत असेल तर कर्णाच्या दिशेने बाहेर रेटाही १८ टन. चारी बाजूंनी टाय (शेजारचे दोन पाय बांधून धरणाऱ्या सळ्या) टाकलेस तर प्रत्येकात सुमारे १२.७ टन ओढ. ते टाय फरशीखालून ने, नाहीतर बाजारात लोकांचे पाय अडकतील. हलकं छत करायचं ठरवलंस तर पावसाळी वारा उलट वर उचलतो, आणि ते लटकवलेलं कापड कधीच दाखवत नाही.